सरा, सरी आणि घंटी

बासष्ट सालची गोष्ट. माझी भाची शालन तेव्हा आठ वर्षांची होती आणि पोलिओमुळे तिचे पाय चालत नव्हते. माझ्या भावाने, नरसिंहअण्णाने, मला न विचारता माझ्या वेताच्या खुर्चीला सायकलची चाकं लावून तिच्यासाठी हाताने चालवायची गाडी केली. उंबऱ्यावर फळी टाकून उतारही केला. खुर्ची गेली म्हणून मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

पहिल्याच दिवशी शालन चिकपेठेतल्या आमच्या गल्लीत एकटी निघाली. शेजाऱ्यांशी ती कन्नडच बोलायची, पण घाईत तोंडातून घरची भाषा आली. "सरा, सरा," ती ओरडत सुटली. वाटेत गप्पा मारत उभ्या असलेल्यांना ते कन्नडातलं "सरी" वाटलं, म्हणजे "ठीक आहे". तेही मान डोलवून "सरी, सरी" म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

शालन फणफणत परत आली. "अण्णा, हिला घंटी लाव. माझं कुणी ऐकतच नाही."

अण्णाने स्वतःच्या सायकलची घंटी काढून तिच्या हाताशी बसवली.

संध्याकाळी मी दारात तांदूळ निवडत बसले होते. पाठीमागे घंटी वाजली. "सरी," मी म्हटलं आणि निवडत राहिले. घंटी पुन्हा वाजली आणि मग थांबेचना.

एरवी केर काढताना मी शालनला उचलून बाजूला ठेवायची. त्या दिवशी सुपासकट मीच बाजूला सरले.