भेकाच्या जंताची गळपट्टी

सुनेने नवी जात शोधली, ही बातमी सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगितली खरी, पण ती जात जंताची आहे, हे सांगायचं मोठ्या शिताफीने टाळलं. सासरे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, सून त्याच कॉलेजात त्यांच्याच जुन्या टेबलावर. भेक, म्हणजे खरखरीत पाठीचे ते फुगीर बेडूक. त्यांच्या फुप्फुसातले जंत ओळखण्यात दोघंही गर्क. जेवतानाही विषय तोच. नवरा बिचारा ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचा.

सासऱ्यांच्या नावावर एकच जात जमा होती: मानेभोवती गळपट्टी असलेला जंत. ती गळपट्टी पुढे कुणालाच सापडली नाही. एका परिषदेत कुणीतरी भर सभेत म्हणालं, की हा जंत भेकात नाही, प्राध्यापकांच्या डोक्यात राहतो. सगळे हसले, तेही हसले. पण ते शल्य कायमचं राहिलं. सुनेला मिळालेला जंत मात्र गुळगुळीत मानेचा, म्हणजे नवाच! तिच्यापेक्षा सासऱ्यांनाच आनंदाचं भरतं आलं. लेख तयार झाला, फक्त चित्रं राहिली होती.

चित्रांसाठी तिने पुन्हा जंत काढले. ते गरम स्पिरिटमध्ये टाकायचे, म्हणजे सरळ ताणलेले राहतात. त्या दिवशी नेमका हीटर बंद पडला आणि घाईघाईत तिने काही जंत थंड स्पिरिटमध्येच सोडले. नवशिक्यानेही करू नये अशी चूक. भिंगाखाली पाहते तो काय, आखडलेल्या प्रत्येक जंताच्या मानेभोवती झोकदार गळपट्टी!

तिने कपाटातून सासऱ्यांची जुनी बाटली काढली. तोंड तेच, शेपूट तेच, अंडीही तशीच. नवी जात हातची गेली होती. क्षणभर तिला वाईट वाटलं, आणि मग ती एकटीच हसत सुटली. सूक्ष्मदर्शक पेटीत घालून तिने तडक घर गाठलं.

सासरे बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले. त्यांच्या काळी हीटर कुठला असायला!

"म्हणजे मी उभा जन्म सुरकुतीला दागिना समजत होतो," ते म्हणाले.

"माझ्या बाबतीत ही चूक कधी झाली नाही तुमची," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

सासरे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सून चाचरत म्हणाली, की आता लेख जुन्याच जातीच्या नव्या वर्णनाचा होईल. जुनी चूक दाखवावी लागेल, पण ती जरा मवाळ शब्दांत लिहिता येईल.

त्यांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली.

"मवाळ कशाला? गळपट्टी नव्हती, मी चुकलो, असं ठणकावून लिही. पण जंत होता, पोरी. तेही तेवढंच ठणकावून लिही."