तीन टिकटिकींचा फरक

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात, तराजू आणि चुंबकांच्या पेटीच्या मधोमध, करड्या रंगाचा एक डबा आहे. त्याचे एक बटण तुटले आहे आणि काचेला तडा गेला आहे. तो डबा म्हणजे मी. मी एक जुना गायगर काउंटर आहे. किरणोत्सार डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो. त्याचा एक कण माझ्या नळीत शिरला की मी 'टिक' करतो. एवढेच माझे काम.

पुण्यातील एका छोट्या कारखान्यात माझी जोडणी झाली. तिथून मी लवळ्याच्या टेकडीवर, एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आलो. तिथे मला गौतमीताई मिळाल्या. त्या मुळशीच्याच. फार बोलत नसत. कोणतीही वस्तू मोजण्याआधी त्या मला रिकाम्या टेबलावर ठेवून मोजणी करत. कारण पूर्ण शांत जागा जगात नाही. दगड, माती, विटा, आकाश, सगळीकडून थोडे कण येतच असतात. "आधी रिकाम्याचा आकडा, मग वस्तूचा," असे त्या विद्यार्थ्यांना सांगत.

माझी देखभाल पौडचे शब्बीरभाई करत. त्यांच्या घरी वरातीसाठी गॅसबत्त्या भाड्याने देण्याचा जुना धंदा होता. बत्तीच्या जुन्या जाळीत थोरियम असते आणि ते किरणोत्सारी असते. म्हणून शब्बीरभाई एक जाळी पत्र्याच्या डबीत ठेवत. ती जवळ आणली की मी मिनिटाला तीनशेच्या वर टिकटिकत असे. माझी तब्येत ठीक असल्याची ती खूण होती.

काही वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे, एक मोठा देश एका लहान देशावर चालून जायच्या तयारीत होता. त्याचे म्हणणे असे, की लहान देशाने एका पिठाच्या गिरणीच्या तळघरात किरणोत्सारी भुकटी लपवली आहे. पकडलेल्या एका माणसाने तसे कबूल केले होते. खरेखोटे पाहण्यासाठी शास्त्रज्ञांची एक समिती नेमली गेली. तिच्यात गौतमीताई होत्या. त्यांच्याबरोबर शब्बीरभाई गेले आणि मीही गेलो.

गिरणी साधीच होती. गौतमीताईंनी आधी बाहेर रस्त्यावर दहा वेळा एकेक मिनिट मोजले. कधी पंधरा आले, कधी तेवीस. सरासरी अठरा. मग तळघरात भिंतींशी, जमिनीशी, पोत्यांमागे दहा वेळा मोजले. तिथेही सरासरी अठराच आली. सर्वांत मोठा आकडा एकवीस.

"पीठ हाय ताई," शब्बीरभाई शिंकत म्हणाले. "दुसरं काय बी न्हाई."

गिरणीवाल्याची आठ वर्षांची मुलगी अफिफा आमच्यामागे फिरत होती. माझी प्रत्येक टिक ती आपल्या भाषेत बोटांवर मोजत होती. शेवटची मोजणी गौतमीताईंनी तिलाच करू दिली. आकडा वहीत लिहून त्याच्यापुढे तिचे नाव लिहिले. अहवालात लिहिले, "काहीही आढळले नाही."

आम्ही परतलो. पुढच्या रविवारी गौतमीताईंच्या मुळशीच्या घरी, ओसरीवर, शब्बीरभाई बारीक ब्रशने माझ्यातली तिकडची वाळू काढत होते. तेवढ्यात समितीचे सचिव शरदचंद्र गाडीतून उतरले. ते मूळचे पुण्याचे.

"मॅडम, रिपोर्ट उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त एका वाक्याचा प्रश्न आहे. रस्त्यावर अठरा, तळघरात एकवीस. म्हणजे तीनचा फरक आहेच ना? 'किंचित वाढ आढळली' एवढं लिहा आणि सही करा. त्यात खोटं काहीच नाही."

"एकवीस हा सर्वांत मोठा आकडा आहे," गौतमीताई म्हणाल्या. "सरासरी सरासरीशीच ताडायची असते."

"पण त्या माणसानं स्वतः कबूल केलंय. त्याची सही आहे."

"पकडल्यावर किती दिवसांनी?"

"चौदा."

"त्या चौदा दिवसांत त्याला झोपू दिलं होतं?"

शरदचंद्रांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. गौतमीताईंच्या आई, भीमाबाई, चहा घेऊन आल्या होत्या.

"सायेब," त्या म्हणाल्या, "माजं मुंडकं त्या धरणाच्या पान्यात दाबून धरा. तिसऱ्या बुडीला मी म्हनीन, समोरच्या भाताच्या खाचरात हत्ती पुरलाय. सही येत न्हाई मला, पर आंगठा दीन."

"आन हत्ती केवढा, त्ये सायेबच लिवून घेत्याल," शब्बीरभाई म्हणाले.

शरदचंद्र हसले नाहीत. "यंत्र बिघडलंय असंही लोक म्हणतील."

शब्बीरभाईंनी डबी उघडून माझ्यासमोर धरली. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा मी वाजू लागलो. "बिघडलंय व्हय? ऐका की."

गौतमीताईंनी डबी आतल्या खोलीत ठेवायला सांगितली. मग शरदचंद्रांकडे बोट करून म्हणाल्या, "तुमच्या घड्याळावर एक मिनिट लावा. तुम्हीच मोजा."

त्यांनी मोजले. बावीस.

"माझी ओसरी गिरणीच्या वर गेली," गौतमीताई म्हणाल्या. "सैन्य इकडे पाठवायचं का?"

"तुम्हाला पुन्हा कोणत्याही समितीवर घेणार नाहीत."

"ठीक आहे. चहा निवतोय."

त्यांनी सही केली नाही.

मित्रांनो, इथे गोष्ट संपली असती तर मला बरे वाटले असते. पण समितीच्या कागदांतून गौतमीताईंचे पान काढून टाकले गेले. कबुलीजबाबाचे पान राहिले. ते वाचून दाखवले गेले आणि युद्ध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी गिरणी जमीनदोस्त झाली. पुढे सैनिकांनी तिथे तीस फूट खणले. वाळू निघाली, पीठ निघाले आणि फुटलेले जाते निघाले.

तो कैदी नंतर सुटला. त्याने सांगितले, "ते मला तळघर असलेली जागा विचारत होते. मला तशी एकच जागा माहीत होती."

गौतमीताईंनी अफिफाच्या पत्त्यावर अनेक पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. त्यांना खरोखरच पुन्हा कोणत्याही समितीवर घेतले नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. प्रयोगशाळेने मला भंगारात काढले तेव्हा त्यांनी मला पदराखाली लेकरू आणावे तसे तुमच्या शाळेत आणले.

मी अनेक हातांत राहिलो आहे. हवा तो आकडा यावा म्हणून कोणी मला थोपटले, कोणी हलवले, कोणी आकडा आवडला नाही की पुन्हा पुन्हा मोजले आणि आवडला की थांबले. गौतमीताईंनी मला उत्तर कधीच सुचवले नाही. फक्त प्रश्न विचारला आणि मिनिट पूर्ण होऊ दिले. माणसालाही असेच विचारायचे असते, हे मला ओसरीवर त्या दिवशी कळले. दाबून काढलेले उत्तर हे विचारणाऱ्याचेच उत्तर असते.

मित्रांनो, मुळशीच्या दमट हवेत माझे सेल पाझरतात. काम झाले की ते काढून ठेवत जा. शेजारची शब्बीरभाईंची पत्र्याची डबी बाईंना विचारल्याशिवाय उघडू नका. आणि मला हातात घ्याल तेव्हा आधी रिकाम्या बाकावर मोजा.

माझ्यासोबत ती वहीही कपाटात आहे. तिचे शेवटचे पान जपा. तिथे निळ्या शाईत एक ओळ आहे: "तळघर, दहावी मोजणी, एकोणीस. मोजणारी, अफिफा." एवढे युद्ध झाले, पण तो आकडा कोणालाही बदलता आलेला नाही.