सात तुकड्यांची मी

मी एक जुनी प्रेमकादंबरी आहे. मुरडलंत ना नाक? मुरडा बापडे. शब्दकोशाला काचेच्या कपाटात मान मिळतो आणि मला लोक उशीखाली कोंबतात, हे मी जन्मापासून बघत आले आहे. पण मित्रांनो, शब्दकोश वाचताना कुणाचं जेवण करपल्याचं मी ऐकलेलं नाही. माझ्यापायी अशी कितीतरी जेवणं करपली आहेत.

माझा जन्मच मुळी मारझोडीत झाला. छापखान्यात मला दाबलं, दुमडलं, टोचलं, कण्यावर कढत डिंक ओतला. शेवटी कापायच्या यंत्राचं पातं तिन्ही बाजूंनी धाडकन खाली आलं. त्याच पात्याने त्या दिवशी एका कामगाराच्या बोटाचं टोक नेलं. तो किंचाळला, यंत्र थांबलं, फडक्याने पातं पुसलं गेलं आणि यंत्र पुन्हा सुरू झालं. अशा घरात मी जन्मले आणि माझ्या पोटात काय, तर प्रेम!

माझ्यात राजपुत्र वगैरे कुणी नाही हं. मी आजच्या काळातली आहे. माझी नायिका लिफ्ट दुरुस्त करते. नायक चौथ्या मजल्यावर राहणारा गणिताचा मास्तर. तो लिफ्टमध्ये अडकतो आणि ही वरून ओरडते, "बटणं बडवू नका हो, लिफ्ट आहे ती, तबला नाही!" इथून जे भांडण सुरू होतं ते तीनशे पानं चालतं. मजा येते, खरंच येते. स्वतःच्या तोंडाने सांगतेय, पण खोटं नाही.

मला विकत घेतलं थोरलीने. कोंबड्या कापण्याच्या एका कारखान्यात एका लांब ओट्यावर सात बायका उभ्या असत. पायांत गमबूट, हातांत सुऱ्या, खाली रक्ताचं पाणी वाहून नेणारी पन्हळ. थोरली त्यांच्यात वयाने मोठी, पहिल्या जागेवर उभी राहणारी. तिच्या सुरीखाली मिनिटाला चार माना जात. जेवणाच्या सुट्टीत तिने मला डब्याशेजारी ठेवलं, तर सगळ्या माशांसारख्या जमल्या. "ताई, तुमचं झालं की मला." "मला आधी!" सातवीची पाळी यायला वर्ष लागलं असतं.

थोरली म्हणाली, "आपण कापणाऱ्या बायका ना गं? मग?"

आणि मित्रांनो, तिने मला फळीवर पालथं घातलं आणि कण्यातून सुरी घातली. एकदा नाही, सहा वेळा! सांधा कुठे आहे हे त्या बाईला बरोबर कळत होतं. एक पान फाटलं नाही, पण माझा जो जीव गेला तो माझा मलाच माहीत. मग प्रत्येक तुकडा पिशव्या शिवायच्या दोऱ्याने टाचला. पहिला भाग थोरली वाचणार, चार दिवसांनी तो शेजारणीकडे जाणार आणि थोरली दुसरा भाग घेणार. असं ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. नियम एकच, पुढचं सांगायचं नाही. सहाव्या जागेवर बडबडी होती. तिला हा नियम पाळताना अक्षरशः पोटात दुखायचं.

आधी मी रागाने नुसती धुमसत होते. पण हळूहळू लक्षात आलं, माझे सात तुकडे सात घरांत होते आणि सातही घरांत कुणीतरी हसत होतं. सांगा, कुठल्या धडधाकट पुस्तकाच्या नशिबी हे आलंय?

सातव्या जागेवर उभी राहायची धाकटी. लग्नाला दोन वर्षं झालेली, हाडाची काडी, आणि डोळ्याखाली कायम काहीतरी निळं-हिरवं. "दार लागलं," म्हणायची. त्या दाराला हात होते, हे साऱ्या ओट्याला ठाऊक होतं. थोरलीने दोनदा सांगितलं होतं, "माझ्याकडे एक खाट रिकामी आहे. कधीही ये." धाकटी म्हणायची, "बघू."

तिचा नवरा दुपारपाळीला असायचा. ती कामावरून आली की तो यायच्या आत तिला दोन तास मिळत. भात शिजत ठेवून ती माझा भाग उघडायची आणि ओठ हलवत वाचायची. तशी वाचणारी मी दुसरी पाहिली नाही. दुसऱ्या भागात एका भांडणानंतर मास्तर जिन्यात सगळ्यांदेखत नायिकेची माफी मागतो, ते पान तिने अकरा वेळा वाचलं. हसू यायचं तेव्हा पदर तोंडात कोंबायची, कारण ओठ फुटलेला असायचा आणि हसलं की रक्त यायचं. तरी हसायचीच.

पहिला भाग हातात आला त्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "सातवा भाग संपला की मी इथून निघाले. तोवर सोसते." शपथच ती. कुणाला सांगितली नाही, फक्त मला. कपड्यांची पिशवीसुद्धा पाण्याच्या टाकीमागे भरून ठेवली. घाबरलेल्या माणसाला निघायला एखादी तारीख लागते, हिने मला तारीख केलं.

आता पुढचं नीट ऐका. माझ्या पाचव्या भागात मास्तर रागाच्या भरात नायिकेच्या थोबाडीत मारतो. सहाव्यात तो रडतो, पाया पडतो आणि ती त्याला माफ करते. सातव्यात लग्न. मी अशी लिहिली गेले, त्याला मी काय करू? थोरलीने सगळं आधीच वाचलं होतं. धाकटी पाचव्या भागावर आली तसा थोरलीचा जीव खालीवर व्हायला लागला. ती बडबडीला बाजूला घेऊन म्हणाली, "हिने ते रडणं-बिडणं वाचलं तर संपलंच. म्हणेल, माझाही सुधारेल. राहील तिथेच मार खात. दे तो सहावा इकडे." सहावा भाग थोरलीच्या कारखान्यातल्या कपाटात गेला, पाठोपाठ सातवाही. धाकटीने विचारलं तर म्हणाली, "कुठेतरी पडलाय गं, सापडला की दोन्ही देते."

करायला गेली एक आणि झालं भलतंच! मला तोंड असतं तर मी ओरडले असते. तिकडे कपाटात मी, इकडे धाकटीच्या घरात मी. दोन्हीकडचं मला माहीत आणि दोन्हीकडे मी मूग गिळून गप्प.

अकरा दिवस गेले. धाकटी रोज विचारायची, "सापडला का हो?" तिसऱ्या दिवशी नवऱ्याने तिला भाताच्या पातेल्यावर ढकललं. सहाव्या दिवशी एक दात पडला. नवव्या दिवशी पाचवा भाग त्याच्या हाती लागला आणि त्याने तो तिच्या तोंडावर मारला, मारला, मारतच राहिला. मित्रांनो, माझ्याच पानांनी तिच्या गालावर वळ उठले. कागदाला लाज वाटते का विचाराल तर वाटते. दहाव्या दिवशी त्याने तिची दोन बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार ओढलं. या वेळी खरंच दार लागलं होतं.

अकराव्या दिवशी ती कामावर आली तेव्हा उजव्या हाताला फडकं होतं आणि सुरी धरता येईना. थोरलीने स्वतःची सुरी फळीत खचकन रोवली.

"बास झालं! किती सांगायचं तुला? अजून का राहतेस त्या कसायाकडे?"

धाकटी म्हणाली, "पुस्तक संपलं नाही ना, ताई. संपलं की निघायचं असं ठरवलंय मी. पिशवीही भरून ठेवलीय घरी."

थोरली मटकन पालथ्या क्रेटवर बसली. तिने स्वतःच्याच तोंडात मारून घेतली, खाडकन. मग उठून कपाट उघडलं आणि दोन्ही भाग आणून धाकटीपुढे ठेवले. "मी लपवले होते, बाळा. मला वाटलं, तू हे वाचून त्याला माफ करशील. ही बोटं माझ्यामुळे मोडली तुझी."

धाकटीने डाव्या हाताने सहावा भाग पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "पानं उलटा कुणीतरी. मला जमणार नाही."

पानं थोरलीनेच उलटली. मास्तर रडला. नायिका विरघळली. सहा बायका धाकटीच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती हसतही होती.

"काय गोड लिहिलंय! मेला एका थपडेला तीन पानं रडतो." तिने नाक पुसलं. "अहो ताई, पुस्तकातला माणूस पुस्तकातच सुधारतो, एवढं मला कळत नाही? घरी मिळत नाही म्हणून तर इथे वाचते. मार खाते म्हणून काय अक्कल गहाण टाकलीय मी?"

थोरलीने मान खाली घालून पुढचं पान उलटलं. आणि खरं सांगू? मलाही माझी मान वर करता आली नाही. माझ्याविषयी माझाही तोच गैरसमज होता.

पाळी सुटली तेव्हा नवरा फाटकाशी उभा होता. बोटं मोडल्याची बोंब होईल या भीतीने स्वतःची पाळी बुडवून आला असावा. "चल घरी," म्हणाला. ती हलली नाही. त्याने तिचा बुचडा धरला आणि खसकन खाली ओढलं. सहावा आणि सातवा भाग चिखलात पडले. त्याचा बूट माझ्यावर आला, तिच्या मोडक्या हातावरही आला. ती ओरडली. आणि मग डाव्या हाताने तिने फाटकाशी पडलेला कोंबड्यांचा रिकामा लोखंडी ट्रे उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी खालून ऐकला. तिने दुसऱ्यांदा उचलला तेव्हा थोरलीने ट्रे धरला. "पुरे. आता आम्ही आहोत." सहा बायका पुढे झाल्या, एप्रन रक्ताने माखलेले, सुऱ्या अजून हातात. कुणी सुरी उगारली नाही. त्याने सहाही जणींकडे बघितलं आणि नाक धरून मागे सरकत गेला.

"पिशवी आणायला जायचंय का घरी?" बडबडीने विचारलं.

"नको."

"आणि सातवा भाग? तो वाचून झाल्यावर निघायचं होतं ना?"

धाकटीने मला चिखलातून उचललं, एप्रनला पुसलं. "निघाले की," ती म्हणाली. "तो ताईंच्या घरी वाचेन. पुरवून पुरवून."

मित्रांनो, आमच्यात शेवटी सांगायची रीत आहे की पुस्तकं जपा, पानं दुमडू नका. मी तसलं काही सांगणार नाही. मला खुशाल कापा, चिखलात पाडा, माझ्यापायी भात करपू द्या. फक्त एवढं करा. अगदी रंगात येऊन वाचत असाल आणि भिंतीपलीकडून कुणाला मारल्याचा आवाज आला, तर पान तसंच उघडं टाका आणि जाऊन ते दार वाजवा.