उजव्या गुडघ्यावरचा जांभळा बाण

मी मार्कर बोलतोय. जांभळ्या शाईचा, टोपणावर दातांचे व्रण असलेला. ते व्रण डॉक्टर नेवेनाचे. विचारात पडली की मला चावायची खोड आहे तिला. सर्बियातल्या एका डोंगराळ गावच्या हॉस्पिटलात ती हाडांची डॉक्टर, आणि मी तिच्या खिशातला. ज्या पायाचं ऑपरेशन, त्यावर बाण काढायचा, एवढंच माझं काम.

पहिल्या वर्षी तिचा बाण गांडुळासारखा यायचा. पुढे रेघ सरळ झाली. मोठे सर्जन राडोमिरही म्हणू लागले, "पोरीच्या हाताला वळण लागलं." पण त्या नादात तिचं नाचाचं मंडळ सुटलं. लग्नासाठी थांबलेला मिलुटिनही शेवटी कंटाळला आणि गेला. मला फार वाईट वाटलं.

संत निकोलसचा दिवस होता. तिच्या घरचा संत, म्हणजे वर्षाचा सण. सकाळीच आईचा फोन.

"तीनशे चौसष्ट दिवस हाडांना देतेस, नेवेना. एक दिवस संताला दे की."

"दुपारपर्यंत येते गं. एकच गुडघा आहे."

तो गुडघा स्तामेन्का आजींचा, उजवा. जूनमध्ये रासबेरी तोडायला त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. नेवेनाने घाईघाईत बाण काढला आणि पळाली. शाई ओलीच होती. आजींनी थंडीने गुडघ्यावर गुडघा चढवला आणि बाण डाव्यावर उमटला. उजव्यावरचा ब्लँकेटला पुसून गेला.

आजींना गुंगी दिल्यावर नेवेनाने डाव्या गुडघ्याला सुरी लावली. कातडी कापली, तेवढ्यात उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेकडे लक्ष गेलं. तिचा हात जागीच थांबला.

राडोमिरनी टाके घालायला लावले, उजवा गुडघा परवावर ढकलला. बाहेर येऊन म्हणाले, "डावाही आतून तपासला म्हणून सांग. खेड्यातली बाई आहे, कोण विचारतंय? आयुष्याचं मातेरं करून घेऊ नकोस."

सणाच्या टेबलाशी ती बसली, पण ताटातला मासा तसाच राहिला. "बरं नाही का गं?" आईने विचारलं. ती उठली, कोट चढवला आणि पाहुण्यांदेखत परत हॉस्पिटलात आली.

"आजी, मी चुकीचा गुडघा कापला. तुम्हाला साधं विचारलंही नाही."

आजींनी डाव्या गुडघ्यावरच्या पट्टीवरून हात फिरवला. "बाण इकडे उमटला ते दिसलं होतं मला, पोरी. म्हटलं, डॉक्टरला कळत असेल. आपण अडाणी, कशाला मध्ये तोंड घाला!"

नेवेनाला रडू आवरेना.

"परवा सुरी मोठ्या डॉक्टरांकडे. तुझ्याकडे नको," आजी म्हणाल्या. "पण झोप लागेपर्यंत माझा हात तू धर. भीती वाटते मला."

ठरल्या दिवशी आजींनी मला मागून घेतलं आणि उजव्या गुडघ्यावर स्वतःच वेडावाकडा बाण काढला. तो वाळेपर्यंत नेवेना फुंकर मारत बसली. मग गुंगी चढेपर्यंत तिने आजींचा हात सोडला नाही.

चूक कबूल केली म्हणून आता तिची चौकशी चालू आहे. ऑपरेशनं बंद. चौकशी करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर मी पुरावा म्हणून पडलोय, शाई वाळत चाललीय. गुन्ह्यात माझाही वाटा आहे, पण मला कोणी विचारत नाही.

डॉक्टरांनो, खूण खुशाल करा. पण माणसाला झोपवण्याआधी एकदा विचारा, "कोणता पाय?" तो गप्प असला तरी त्याला माहीत असतं.