खारीची आकाशगंगा

तिचं बूड एका जागी टिकत नाही, हे तिच्या आईपासून घटस्फोटाच्या वकिलापर्यंत सगळ्यांनी तिला ऐकवून झालं होतं. बस डेपोत ती वेळापत्रकं आखायची. कुठली गाडी कधी सुटणार, कुठून वळणार, कुठल्या थांब्यावर किती रेंगाळणार, हे सगळं तिच्या डोक्यातून निघायचं. उभी गाडी म्हणजे वाया गेलेली गाडी, असं तिचं ठाम मत. ड्रायव्हर मंडळी तिला ‘घाईबाई’ म्हणायची. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्याने.

तिची एकुलती एक मुलगी वडिलांकडे दुसऱ्या शहरात राहायची. लहानपणी गालात घास धरून घरभर पळायची म्हणून तिचं नाव पडलं खार, आणि ती शाळेच्या वरच्या वर्गात गेली तरी ते सुटलं नाही. तिच्यावरून भांडण असं झालंच नव्हतं. आईला पहिली गाडी सुटायच्या आत डेपोत हजर राहावं लागे, शाळा वडिलांच्या घराजवळ होती, तेव्हा मुलीने तिकडे राहावं आणि सुट्टीत इकडे यावं, असं दोघांनी शहाण्यासारखं ठरवलं. पण शहाणपणाने ठरवलं म्हणून गोष्टी टोचायच्या थांबत नाहीत. दोन सुट्ट्यांच्या मधले दिवस घाईबाईला खायला उठायचे.

त्यावर तोडगा काढला तिच्या भावाने, म्हणजे खारीच्या मामाने. मामा चष्म्याची भिंगं घासायचा आणि गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर अंतराळातली युद्धं खेळायचा. त्याने दोघींच्या कॉम्प्युटरवर तो खेळ घालून दिला. प्रत्येकाला एक ग्रह मिळतो. ताऱ्याताऱ्यांमध्ये वाटा असतात. त्या वाटांनी जहाजं पाठवायची, नवे ग्रह वसवायचे, शेजाऱ्याशी जमवून घ्यायचं नाहीतर लढायचं. आणि दर डावाला आकाशगंगा नवी. रविवारी दुपारी दोघी आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि खेळता खेळता शाळेचं, डेपोचं, इकडचं तिकडचं बोलायच्या.

घोडं अडलं ते असं, की पहिल्या काही डावांत खारीच्या ग्रहाशेजारी दर वेळी कोणीतरी दांडगट साम्राज्य निघायचं. घटकाभरात तिची जहाजं जळायची, ग्रह जायचा. मग ती गप्प व्हायची आणि “मी जरा जाते” म्हणून उठायची. डाव हरल्याचं आईला काहीच नव्हतं. दुपार अर्ध्यावर तुटायची, ते मात्र तिला सोसवत नव्हतं.

आकाशगंगा कशी बनवायची याचे नियम एका साध्या फाइलमध्ये लिहिलेले असतात, हे तिला मामाकडूनच कळलं. तारे किती, वाटा किती, राहण्याजोगे ग्रह किती, कोण कोणापासून किती लांब. त्या फाइलची नक्कल करून आकडे बदलले की खेळ मुकाट्याने ऐकतो. याला मॉड म्हणतात. तू एवढ्या गाड्या आखतेस, तुला तारे काय जड आहेत, असं मामा सहज म्हणून गेला, आणि त्या दिवसापासून ती त्या फाइलच्या मागे हात धुऊन लागली.

तिने दांडगट साम्राज्यं खारीपासून दूर ढकलली. अंतराळातले राक्षस पार कडेला नेऊन टाकले. वाटा वाढवल्या, म्हणजे कुठूनही निसटता यावं. हिरवे ग्रह खारीच्या दाराशी आणून ठेवले आणि स्वतःचा ग्रह तिला अगदी खेटून. दोन्हीकडे फाइल सारखी नसेल तर खेळ जोडलाच जात नाही, म्हणून तिने ती लेकीला पाठवून दिली. सांगितलं एवढंच, की जरा देखणी आकाशगंगा केली आहे.

काही रविवार झकास गेले. खार जिंकायला लागली. तिचं राज्य वेलीसारखं पसरलं आणि दुपारी संध्याकाळपर्यंत लांबल्या. मग हळूहळू हेडफोनमधून जांभया ऐकू यायला लागल्या. ती मधेच मैत्रिणींना निरोप पाठवायची. “तुझी चाल आहे” म्हणून आईला आठवण करावी लागे. आईने आणखी घातलं: कडी असलेले ग्रह, जोडसूर्य, रंगीत तेजोमेघ. जेवणारा नको नको म्हणतोय आणि वाढणारा वाढतच सुटलाय, अशातली गत.

एका रविवारी खारीने खेळता खेळता विचारलं, “आई, माझ्या बाजूला कोणीच का नसतं?”

“कोणी म्हणजे?”

“शत्रू. मैत्रिणींबरोबर खेळते तेव्हा कोणी ना कोणी मला झोडपतंच. फक्त तुझ्याबरोबर खेळताना नाही.”

आई म्हणाली, नशीब म्हणायचं. दर वेळी कसं, असं लेकीने विचारलं. थाप मारायला डोकं थंड लागतं आणि तेच तर घाईबाईकडे नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं, वर हेही सांगितलं की तू मधेच उठून जायचीस ते मला आवडायचं नाही.

पलीकडची कळांची खडखड थांबली. मग खार म्हणाली, “मला वाटत होतं, मी चांगली खेळायला लागलेय.”

आणि लगोलग तिने दुसरी बातमी दिली. या सुट्टीत ती लगेच येणार नव्हती. शाळेचं डोंगरावर शिबिर होतं, दोर लावून कडे चढायचं, आणि तिने नाव दिलं होतं. शिबिर संपल्यावर उरलेले दिवस येईन म्हणाली.

घाईबाईच्या पोटातलं ओठावर यायला कधीच वेळ लागत नसे. “साध्या खेळात हरलीस तर उठून जातेस,” ती म्हणाली, “कडे कसले चढतेस तू.”

“माहीतच होतं तुला असं वाटतं,” खार म्हणाली आणि हेडफोनमधला आवाज बंद झाला.

तो आठवडा तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी तिने पलंगाची दिशा बदलली, पुन्हा होती तशी केली, पडदे धुवायला काढले आणि ओलेच बादलीत ठेवून विसरली. डेपोत तिने दोन गाड्या एकाच फलाटावर एकाच वेळी लावल्या. दोन्ही ड्रायव्हर समोरासमोर येऊन हॉर्न वाजवत बसले आणि मग घाईबाईचीच चूक म्हटल्यावर पोट धरधरून हसले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मामा घरी डोकावला. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, की कोंबडीसुद्धा काही दिवसांनी पिल्लांना चोच मारून लांब करते. तुझ्या म्हणी तुझ्या दुकानात ठेव, असं सांगून तिने त्याला वाटेला लावलं. पण तो गेल्यावर ती कॉम्प्युटरसमोर बसली.

आधी तिने फाइल मूळची होती तशी केली. तेवढ्याने समाधान होईना. मग ती उलट्या बाजूला लागली: राक्षस वाढवले, हिरवे ग्रह उडवले, वाटा छाटल्या, सगळ्यांना एकमेकांपासून लांब फेकलं. खेळ सुरू केला तर आकाशगंगा बनता बनता मधेच अडकली आणि खेळ बंद पडला. तिने आकडे हलवले, पुन्हा तेच. चहा निवून गेला. ती उठून खिडकीपर्यंत जायची, परत यायची, एक आकडा बदलायची, आणि खेळ परत तोंडावर पडायचा.

शेवटी तिने फोन लावला. खारीने उचलला, पण आवाज गार होता.

“मी बोलले ते चुकलं,” आई म्हणाली. “मला भीती वाटली होती, आणि मी ती तुझ्यावर काढली.”

“हं.”

“आणि फाइल मोडून ठेवलीय मी. आकाशगंगाच बनत नाहीये. बघतेस जरा?”

मग पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि खार म्हणाली, “पाठव.”

दोघींनी एकेक ओळ वाचून काढली. खारीच्या लक्षात आलं, की आईने तारे कमी केले होते आणि तरी दर दोन साम्राज्यांमध्ये भलंमोठं अंतर ठेवायला सांगितलं होतं. तेवढी जागाच आकाशगंगेत नव्हती. आईला हसू फुटलं. पाचच गाड्या हाताशी असताना पन्नास फेऱ्या लावण्यातलाच प्रकार होता हा. अंतर कमी केलं आणि आकाशगंगा पहिल्या फटक्यात उभी राहिली.

मग आईने विचारलं, तुला कशी हवी? खारीने मागणी घातली. बाहेर पडायला एकच वाट. त्या वाटेवर झोपलेला एक राक्षस, कधी जागा होईल ते कोणालाच माहीत नाही असा. आणि आईचा ग्रह दुसऱ्या टोकाला.

आईची बोटं कीबोर्डवरच थांबली. “इतकी लांब कशाला?”

“लांब असलीस की तू काय करतेस ते मला दिसणार नाही,” खार म्हणाली, “आणि मी काय करते ते तुला. त्याशिवाय काय मजा?”

आईने आकडा टाकला.

नव्या डावात सगळं नीट चाललंय असं वाटेपर्यंत राक्षस जागा झाला. आईला आपल्या पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. ऐकू येत होता फक्त लेकीचा श्वास आणि कळांची वाढत गेलेली खडखड. मदत पाठवू का, हे शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले. ते गिळायला ती उठून उभी राहिली, तर हेडफोनची तार ताणली गेली आणि कप खाली पडला. तिने तो उचलला नाही. पाठवून तरी काय उपयोग होता? आकाशगंगेच्या त्या टोकापासून जहाजं पोचेपर्यंत सगळं आटोपलं असतं. तरी तिचे हात शिवशिवत राहिले.

खडखड थांबली. “गेला ग्रह,” खार म्हणाली.

पुढचं वाक्य आईला पाठ होतं. ती खुर्चीची पाठ घट्ट धरून त्याची वाट बघत राहिली.

“थांब, डाव बंद करू नकोस,” खार म्हणाली. “माझं एक जहाज उरलंय, त्यात माणसं आहेत.”

त्या एका जहाजावर ती संध्याकाळपर्यंत तग धरून राहिली. पुढचे रविवारही तोच डाव चालला, पण ती कुठे गेली, कुठे वसली, हे आईला कळलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

खार शिबिराला गेली. तिथे फोन लागत नसे. वडिलांचा एक निरोप आला, की सगळे सुखरूप पोचले, आणि त्यानंतर काहीच नाही. घाईबाईने सुट्टी घेतलेली होती, मुलगी येणार म्हणून आधीच मागून ठेवलेली. आता त्या मोकळ्या दिवसांचं काय करावं हे तिला कळेना. तिने आरसे पुसले, जिना झाडला, शेजारणीचाही जिना झाडला. रस्त्यावरून दोर खांद्यावर टाकून कोणी रंगारी गेला तरी तिच्या काळजात चर्र व्हायचं. मधेच ती कॉम्प्युटर सुरू करून बसायची.

डाव तिच्याच कॉम्प्युटरवर साठवलेला होता. आणि तो उघडताना कोणाच्या बाजूने बसायचं हे निवडता येत असे. म्हणजे ती खारीच्या जागी बसू शकत होती. लेकीचे नवे ग्रह कुठे आहेत, जहाजं किती, मनात काय आहे, सगळं बसल्या जागी कळलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता. एका दुपारी तिने लेकीच्या साम्राज्याचं चिन्ह निवडलंसुद्धा. पडद्यावर डाव उघडत असल्याची पट्टी सरकायला लागली. पट्टी निम्म्यावर आली तेव्हा तिला एकदम लाज वाटली, खार घरात नसताना तिचं कपाट उपसायला घेतल्यासारखी. तिने सरळ कॉम्प्युटरच बंद केला, चपला घातल्या आणि डेपोच्या नव्या मार्गावर शेवटच्या थांब्यापर्यंत चालत गेली. पाय दुखले, पण चैन पडली नाही ती नाहीच.

शिबिर संपल्यावर खारीचा फोन आला. आवाज बसला होता आणि नाकाची कातडी निघाली होती म्हणे. पहिल्या दिवशी ती कड्याच्या मध्यावर अडकली. वर जाता येईना, खाली बघवेना. रडली. मग दोर सैल करत तिला खाली उतरवलं. हे तिने जेवण कसं होतं ते सांगावं तितक्या सहजपणे सांगितलं. आईने दात आवळून धरले आणि इतकंच विचारलं, “मग?”

“मग काय, दुसऱ्या दिवशी परत गेले. वरून काही खास दिसत नाही. सगळं धुकं.”

परवा सकाळच्या गाडीने येते, असं तिने सांगितलं. पण त्याआधी येणारा रविवार सोडायला ती तयार नव्हती. दोघी डावाला बसल्या. आईने आपली सगळी फौज समोरच्या सीमेवर मांडून ठेवली होती, कारण खार आली तर तिकडूनच येणार. आणि खार आली ती मागून, ज्या बाजूला आईने एक पहारेकरीही ठेवला नव्हता. एकामागून एक ग्रह खारीच्या लाल रंगाचे होत गेले. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

“हे कधी ठरवलंस तू?”

“शिबिराच्या आधीच. जहाजं तेव्हाच निघाली होती.” खार थोडी घुटमळली. “मला वाटलं, तू माझी बाजू उघडून बघशील.”

“उघडत होते,” आई म्हणाली. “अर्ध्यावर बंद केलं.”

पलीकडे कळ दाबल्याचा आवाज आला.

“बरं,” खार म्हणाली. “आता राजधानी देतेस, की मी घेऊ?”

“ये की, घे,” आई म्हणाली. ती खुर्चीतून उठली होती. हेडफोनची तार पुरेल तेवढ्याच जागेत टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फेऱ्या मारत, कुठल्या शेजाऱ्याशी घाईघाईने तह करता येईल, याचा ती विचार करत होती.