बाईमाणसांची कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दार लावायची नव्हे, दार वाजवायची. यझ्द शहराच्या फहादान मोहल्ल्यात, मातीच्या उंच भिंतींमधल्या एका अरुंद बोळात, जाड लाकडी दाराच्या एका फळीवर मी आहे आणि दुसऱ्या फळीवर माझा भाऊ आहे. तुम्ही आमचे शहर पाहायला आलात तर तुम्हालाही कुणीतरी माझ्यापुढे आणून उभे करील. माझी कहाणी मी मोठेपणा मिरवायला सांगत नाही. माझ्यामुळे एका घरात जे झाले, ते बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून सांगते.

आम्हा दोघांना उस्ताद हैदर नावाच्या लोहाराने एकाच दिवशी घडवले. भाऊ म्हणजे लोखंडाचा जाडजूड दांडा. एकदा ठोकून पाहिला आणि झाले काम. मला मात्र उस्तादाने तीनदा भट्टीत घातले, कारण आवाज त्याच्या मनासारखा येईना. त्याची बायको भाता ओढून ओढून वैतागली.

"एका कडीपायी दिवस घालवलात. वाजली म्हणजे झालं की."

"अगं, ही बाईमाणसांची कडी आहे," उस्ताद म्हणाला. "हिचा आवाज आला की आतल्या बाईनं डोक्यावरची चादर न शोधता, आहे तशी दारात यायचं. तिचा विश्वास बसेल असा आवाज नको?"

तोच माझा शब्द होता, मित्रांनो. दांडा वाजला तर दारात पुरुष, कडी वाजली तर बाई. सव्वाशे वर्षे मी हा शब्द पाळला. सुईणी, विणकरणी, नवसाची आश, म्हणजे डाळ-भाजीचे दाट सार, वाटायला आलेल्या शेजारणी, सगळ्यांनी मला वाजवले आणि आतून हसत हसत दार उघडले गेले.

अक्दस आणि तूबा या दोघी बहिणी याच घरात जन्मल्या. धाकटी तूबा शाळेतून आली की मला दोनदा भरभर वाजवायची, मग जरा थांबून एकदा. आतून अक्दस ओरडायची, "आले गं, दार मोडू नकोस." पुढे तूबा लग्न होऊन शिराजला गेली. अक्दस खानुम नवऱ्यासह इथेच राहिली आणि नवरा वारल्यावर एकटीच राहिली. तूबा दरवर्षी डाळिंबांच्या दिवसांत यायची आणि दारातच तिचे ते तीन ठोके पडायचे.

एका वर्षी मात्र विपरीत घडले. त्यांच्या आईने विणलेले एक तेर्मे अक्दस खानुमकडे होते, कोयऱ्यांच्या वेलबुट्टीचे रेशमी वस्त्र. तूबा म्हणाली, "आबजी, किती सुंदर आहे गं हे." आमच्याकडे थोरल्या बहिणीला आबजी म्हणतात. आता वस्तूची कुणी तारीफ केली की "तुझीच आहे, घेऊन जा" असे म्हणायची आमची रीत आहे, आणि तीनदा "नको, नको" म्हणायची समोरच्याची. अक्दस खानुमने रीत पाळली. तूबाने पहिल्याच खेपेला घडी घालून ते पिशवीत ठेवले. दोन दिवसांनी निघताना दारात मनातले सगळे बाहेर पडले.

"मी म्हणायचं म्हणून म्हटलं होतं. तू खरंच उचललंस."

"सख्ख्या बहिणीशी कसली गं रीत? मला वाटलं, तू मनापासून दिलंस."

"शिराजचं पाणी लागलंय तुला."

"आणि तुला एकटेपणाचं."

तूबाने जाताना दार ओढून घेतले आणि त्या धक्क्याने मी आपोआप एकदा वाजले. त्यानंतर दहा वर्षे ती आली नाही. बोळात पावले वाजली की अक्दस खानुम अंगणात थबकायची, हे शेजारीण बतूल सगळ्या मोहल्ल्याला सांगायची.

या दहा वर्षांत आमचे शहर पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली. रूझबेह नावाचा एक उत्साही मार्गदर्शक रोज दोन-तीन घोळके घेऊन बोळात येई. "हा दांडा पुरुषांचा, ही कडी बायकांची," तो सांगे. "वाजवून बघा. काय गोड आवाज आहे बघा."

आणि मला ते आवडायचे. खोटे कशाला बोलू? इतक्या हातांनी माझा गंज गेला, मी चकाकू लागले. कुणी म्हणे "वा", कुणी डोळे मिटून ऐके. दांड्याला कुणी हात लावीना. तो एकदा मला म्हणाला, "आत ती बाई उठतेय गं. गुडघे दुखतात तिचे." मी म्हटले, "तुझा ढब्ब आवाज कुणाला नको, म्हणून जळतोस." तो पुन्हा बोलला नाही.

अक्दस खानुम खरेच उठायची. हौदाला वळसा घालून, आठ पायऱ्या चढून, वाकडी देवडी ओलांडून दार उघडायची. प्रत्येक वेळी तिचा चेहरा आधी उजळायचा आणि मग विझायचा. तरी रीतीप्रमाणे म्हणायची, "या, चहा घ्या." एका घोळक्याने खरोखरच चौदा पेले चहा घेतला. त्या दिवशी मला हसू आले होते. आता आठवले की लाज वाटते.

मग नवरोजच्या सुटीतला तो शुक्रवार उजाडला. अक्दस खानुमने केसांना मेंदी लावली होती. बतूल येणार म्हणाली होती. दुपारी कुणीतरी मला हौसेने वाजवले, चांगले सात-आठ वेळा. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ती उघड्या डोक्याने, मेंदीचे ओघळ पुसत दारात आली. समोर सहा परके पुरुष उभे होते. एकाने कॅमेरा डोळ्याला लावलेलाच होता. त्याने फोटो काढला.

दार बंद झाले. देवडीत ती खाली बसल्याचा आवाज मी ऐकला. नंतर आलेल्या बतूलला ती म्हणाली, "सत्तर वर्षांत परक्या पुरुषानं माझं डोकं पाहिलं नव्हतं गं. कडी वाजली म्हणून गेले मी." बतूलने रूझबेहला शिव्या घातल्या. अक्दस खानुम एवढेच म्हणाली, "आजपासून कडी वाजली तर मी उठणार नाही. दांडा वाजला तर बघीन. तू आपली गच्चीवरून हाक मारत जा."

उस्तादाने तीनदा भट्टीत घालून दिलेला माझा शब्द असा धुळीला मिळाला. पण मित्रांनो, खरी शिक्षा अजून पुढे होती.

त्याच वर्षीचे डाळिंबांचे दिवस होते. सकाळी दहाच्या सुमारास काठी टेकत एक म्हातारी बाई बोळात आली. राखाडी कोट, हातात गाठोडे. तिने मला हातात घेतले आणि मी तो हात ओळखला. तूबाची बोटे संधिवाताने वाकली होती. दोनदा भरभर वाजवायला गेली, पण ठोके अडखळत, भलतेच पडले, रोजच्या कुठल्याही पाहुण्यासारखे. आतला मोठ्याने लावलेला रेडिओ मला ऐकू येत होता. कांदा तळल्याचा वास येत होता. मी जीव तोडून वाजले. आतून कुणी उठले नाही.

"आबजी," ती दाराला तोंड लावून म्हणाली. पण आमच्या देवडीला मुद्दाम वळण दिलेले असते, बाहेरची नजर आणि बोलणे आत पोहोचू नये म्हणून. तिने पुन्हा मला वाजवले. मग तिची नजर भावाकडे गेली. तिने दांड्यावर हात ठेवला. मित्रांनो, एक ठोका, फक्त एक ठोका पडला असता तर अक्दस खानुम आली असती. पण बाईमाणसाने पुरुषांचा दांडा वाजवायचा नाही, हे तूबाला याच दारात आईने शिकवले होते. तिने हात काढून घेतला.

दाराशेजारच्या दगडी बैठकीवर ती तासभर बसून राहिली. मधेच रूझबेहचा घोळका आला. तोही आता शहाणा झाला होता; हळूच म्हणाला, "वाजवू नका, खालाजान रागावतात. कडी वाजली तर दारच उघडत नाहीत." पण हे तो परक्या भाषेत बोलला. तूबाला त्यातले अक्षर कळले नाही. ते गेल्यावर तिने गाठोडे माझ्यात ओवले, घट्ट गाठ मारली आणि म्हणाली, "अजून राग गेला नाही तर तुझा." मग काठी टेकत निघून गेली.

अक्दस खानुम रोटी आणायला संध्याकाळी बाहेर पडली. गाठोडे सोडले. कोयऱ्या दिसताच तिने मला मुठीत धरले. किती वेळ धरून राहिली, कोण जाणे. बोळाच्या तोंडाशी बतूल भेटली, तेव्हा तिने विचारले, सकाळी दारात कोण आले होते.

"काठीवाली होय? बसली होती खरी. मला वाटलं, गाव बघायला आलेली कुणी असेल."

दुसऱ्या दिवशी अक्दस खानुमने शिराजला फोन केला. काय बोलणे झाले ते तिने बतूलला देवडीत बसून सांगितले, म्हणून मला कळले.

"मी सगळं सांगितलं. फोटोचं, कडीचं, सगळं. ती म्हणाली, 'काही हरकत नाही, मी तिकडून जातच होते.' माझ्या तब्येतीची तीनदा चौकशी केली. शेजाऱ्यांना सलाम सांगितला. मी म्हटलं, ये ना गं. तर म्हणाली, 'इन्शाल्ला, जमलं तर.' परक्या बाईशी बोलावं तसं गोड बोलली, बतूल. भांडली असती तर बरं झालं असतं."

"तेर्मे?"

"ते तुमचंच होतं, म्हणाली."

आता रोज सकाळी अक्दस खानुम दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडते आणि डोक्यावर चादर घेऊन दगडी बैठकीवर भाजी निवडत बसते. तेर्मे शेजारी घडी घालून ठेवलेले असते. घोळके येतात, आत डोकावतात. ती म्हणते, "पुढं व्हा, बाळांनो, इथं बघण्यासारखं काही नाही." शिराजच्या गाडीची वेळ झाली की तिची मान बोळाच्या तोंडाकडे वळते.

मित्रांनो, जुने गाव जरूर पाहा. पण ज्या दारामागे तुमचे कुणी नाही, ते दार गंमत म्हणून वाजवू नका. आत कुणी कुणाची वाट पाहत असेल. आणि माझ्यासारखे कौतुकाला भुलून कुणाच्याही हाती वाजू नका.

उघड्या दारावर कडी कोण वाजवणार? मी पुन्हा गंजू लागले आहे, आणि तेच बरे आहे. कधीतरी काठी टेकत तूबा येईल. तिने माझ्याकडे बघू नये, मला हात लावू नये, सरळ आत जावे, एवढेच मी मागते.