सोडलेला अनुस्वार

भांड्यांच्या दुकानदाराने पत्रक माझ्या टेबलावर आपटलं, तेव्हाच काहीतरी चुकलंय हे मला कळलं. पण एवढं चुकलं असेल असं वाटलं नव्हतं. पाच हजार पत्रकं, आणि प्रत्येकावर ठळक अक्षरात छापलेलं: ‘आमच्याकडे उत्तम व टिकाऊ भाडी मिळतील.’

“सकाळपासून तीन जण खोली आहे का विचारून गेले,” दुकानदार म्हणाला. “त्यातला एक तर म्हणतो, टिकाऊ भाडी म्हणजे दर वर्षी वाढवणार नाही ना?”

एकवीस वर्षं मी या छापखान्यात मुद्रितं तपासते. माझ्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही, हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता कुठे तोंड लपवावं ते कळेना. एरवी माझा एकच नियम. लेखकाच्या मनात काय होतं ते मला सांगू नका, कागदावर काय आहे ते बघा. आता कागदावर ‘भाडी’ होती आणि शेवटच्या मुद्रितावर सही माझी होती. माफी मागायला मी उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मुद्रितांच्या गठ्ठ्यासकट मी खाली.

शुद्धीवर आले तेव्हा दुकानदार माझ्या तोंडावर पाणी मारत होता. बिचारा घाबरून पांढराफटक पडला होता. “अहो बाई, एका टिंबासाठी एवढं मनाला लावून घेऊ नका हो,” तो परत परत म्हणत होता.

टिंबाचा काही संबंध नव्हता. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि कागद माझ्यासमोर धरला. रक्त फारच कमी होतं. तसं ते गेलं वर्षभर कमीच होत होतं. जिना चढताना धाप लागायची, दुपारनंतर अक्षरं पोहायला लागायची. गोळ्या मी दोन महिने घेतल्या होत्या, पण त्यांनी माझ्या पोटाशी उभा दावा मांडला होता.

“आता इंजेक्शनं घेऊ,” बाई म्हणाल्या. “डाळी, पालेभाज्या वाढवा. त्यानेही होईल, वेळ लागेल. मांसाहार करत असाल तर जरा लवकर उभ्या राहाल. करत नाही?”

“नाही.”

“तत्त्व म्हणून?”

“नाही.”

“घरची पद्धत?”

“घरी सगळे खातात.”

“मग आवडत नसेल.”

“फार आवडतं,” मी म्हणाले. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“मग तुम्हीच ठरवा,” त्या म्हणाल्या. “मी औषध लिहून देते. हे मी लिहून द्यायचं काम नाही.”

माझ्या शाकाहाराचं मला आजवर जे कौतुक मिळालं ते सगळं फुकटचं. मुक्या जिवांवर किती माया, असं लोक म्हणतात आणि मी गप्प बसते. खरं तर कोपऱ्यावरचं कुत्रं मला पाहिलं की रस्ता बदलतं, इतके आमचे संबंध मधुर आहेत. छापखान्याच्या खाली एक खानावळ आहे. बाराच्या सुमाराला तिथून मांस भाजल्याचा वास वर येतो. त्या वेळी मी खिडकी बंद करते, आणि सगळ्यांना वाटतं की मला तो वास सहन होत नाही. सहन होत नाही हे खरंच आहे, पण ते तसं नाही.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी नऊ वर्षांची होते आणि दादा तेरा वर्षांचा. त्याला कसलासा ताप चढला आणि तो दवाखान्यात गेला तो डोळेच उघडेना. आई-बाबा दोघंही तिकडे, मला शेजारच्या काकूंकडे ठेवलेलं. मोठी माणसं माझ्यासमोर हळू आवाजात बोलायची, आणि हळू आवाजातलं सगळं मला ऐकू यायचं. सोळाव्या दिवशी काकूंनी मटण केलं. माझ्यासाठी मुद्दाम, मला आवडतं म्हणून. मी ताटावरून उठले, आमच्या घराची किल्ली घेतली, दादाच्या दप्तरातून त्याची कंपासपेटी काढली आणि एक चिठ्ठी लिहून तिच्या तळाच्या कागदाखाली सरकवली. दादा घरी यावा, मी मांस सोडते. हा सौदा कुणाशी केला ते नक्की नव्हतं. जो कोणी वरून बघत असेल त्याच्याशी. पण सगळ्यात आवडीची वस्तू दिली तरच तो ऐकेल, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी दादाने डोळे उघडले. आता तुम्हीच सांगा, नऊ वर्षांच्या मुलीने काय समजायचं? आणि बेचाळीस वर्षांच्या बाईने तरी ते कसं पुसून टाकायचं? मला अक्कल आली, मी शिकले, असल्या सौद्यांना काही अर्थ नसतो हे मी चारचौघांत ठासून सांगते. आणि तरीही तेहतीस वर्षांत एक घास तोंडात घालायची माझी छाती झाली नाही. उद्या मी खाल्लं आणि परवा दादाला काही झालं, तर? मला भीती वाटत होती. इतकी साधी गोष्ट आहे.

रविवारी मी दादाकडे गेले. तो सुतार आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चालतं. मी पोचले तेव्हा तो एका खुर्चीचा मोडका पाय काढत होता. छापखान्याच्या मालकांनी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं.

“ये टिंबू,” तो म्हणाला. लहानपणी मी एवढीशी होते म्हणून त्याने पाडलेलं हे नाव. मी पुढे टिंबं तपासूनच पोट भरणार हे त्याला तेव्हा कुठे माहीत होतं? “ऐकलं की तू भांडी भाड्याने दिलीस.”

“चेष्टा पुरे.”

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

मी सांगितलं. दारात वहिनी उभी होती. ती म्हणाली, “मग आजच सुरू करा की वन्सं. चिकनचं सूप करतेच आहे. तुमच्यासाठी वेगळी भाजी टाकणार होते, ती नाही टाकत.”

“नको वहिनी, भाजी टाक,” मी म्हणाले. आवाज नको तितका मोठा निघाला असावा, कारण दादाच्या हातातला पाना थांबला.

“काय झालं?” त्याने विचारलं.

वहिनी आत गेली. मी भुशाने भरलेल्या स्टुलावर बसले आणि सगळं बोलून टाकलं. काकूंचं मटण, सोळावा दिवस, चिठ्ठी. माझं संपल्यावर दादा उठला, फळीवरून एक पत्र्याची पेटी काढली आणि तिच्यातले खिळे नि स्क्रू टेबलावर ओतले. ती त्याची कंपासपेटी होती. रंग पार उडालेला, झाकण एका बिजागरीवर लटकलेलं. माझ्या चिठ्ठीवर त्याने इतकी वर्षं खिळे ठेवले होते.

तळाचा पाढ्यांचा कागद तेलाने काळा झाला होता. दादाने पटाशीच्या टोकाने तो उचलला. खाली चिठ्ठी होती, चार घड्यांची. ती त्याने उलगडली, उजेडाकडे धरली आणि वाचली. मग पुन्हा वाचली. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. जवळ जाऊन बघते तर हसत होता.

“ऐक,” तो म्हणाला. “ ‘दादाला घरी पाठवा. मी कधीच मास खाणार नाही.’ ”

“हसण्यासारखं काय आहे त्यात?”

“मास, टिंबू. मास. मास म्हणजे महिना. अनुस्वार कुठाय? तू महिने सोडलेस. खरं सांग, इतक्या वर्षांत एखादा महिना खाल्लास का?”

मी चिठ्ठी हिसकावून घेतली. खरंच नव्हता. माझं ते वाकडंतिकडं अक्षर, ‘मा’ आणि ‘स’, आणि वर कोरं. माझ्या आयुष्यातला पहिला सुटलेला अनुस्वार भांड्यांच्या पत्रकावरचा नव्हताच.

“मी नऊ वर्षांची होते!”

“लेखकाच्या मनात काय होतं ते सांगू नका,” दादा माझ्या आवाजात म्हणाला, “कागदावर काय आहे ते बघा.”

माझं डोकंच फिरलं. “तुला गंमत वाटतेय? ज्याला वाचायचं होतं त्याने बरोबर वाचलं होतं. तू दुसऱ्या दिवशी डोळे उघडलेस!”

तो हसायचा थांबला. त्याने पटाशी खाली ठेवली.

“म्हणजे इतकी वर्षं मी जगलो ते तुझ्या ताटावर,” तो म्हणाला. “आणि मला कुणी सांगितलंही नाही.”

“तसं नाही रे.”

“तसंच आहे. बरं, ठीक आहे. आता आजारी तू आहेस. पाळी माझी. मी काय सोडू?”

“म्हणजे?”

“सांग ना. चहा सोडतो. आजपासून चहा बंद.”

दादाचा दिवस चहाशिवाय उजाडत नाही. दिवसाला सात कप. “काहीतरीच काय?” मी म्हणाले. “तू चहा सोडल्याने माझं रक्त वाढणार आहे का?”

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. माझंच वाक्य माझ्या कानांवर परत आलं.

मग मला रडू आलं. चांगलं भडभडून आलं. मी म्हणाले की मला भीती वाटते, तुला काही झालं तर मी काय करू. दादा म्हणाला, “मला पण वाटते. परवा मालकांचा फोन आला तेव्हा या खुर्चीचा चांगला पाय कापला मी.” त्याने बोट दाखवलं. मोडका पाय तसाच होता आणि त्याच्या शेजारचा अर्धा कापलेला होता. रडता रडता मला हसू फुटलं.

त्याने कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. “हे घे. तुझं काम तू कर. टिंब द्यायचं असेल तर दे, वहिनी भाजी टाकेल, मी पुन्हा एक अक्षर बोलणार नाही. नसेल द्यायचं तर नको देऊस.”

चूक दिसली की माझा हात आपोआप जातो. खानावळीच्या फळ्यावरचं शुद्धलेखनसुद्धा मी जाता जाता खडूने सुधारते. पेन्सिलीचं टोक त्या ‘मा’च्या डोक्यावर नेऊन मी थांबले. एक टिंब, की सगळं होतं तसं. भीती ओळखीची होती. तिच्यासोबत जगायची मला सवय झाली होती.

आमच्या कामात एक खूण असते. दुरुस्ती करायला गेलो आणि मूळचंच ठेवायचं ठरलं, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘आहे तसे’. मी टिंबं दिली. वर नाही, खाली. तीन. आणि समासात माझ्या आताच्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं: आहे तसे. सवयीने खाली सहीसुद्धा केली.

दादाने चिठ्ठी पुन्हा पेटीत ठेवली, वर पाढ्यांचा कागद, वर खिळे. मग आत ओरडला, “भाजी नको टाकूस!”

वहिनीने वाटी पुढे ठेवली. गाजर, बटाटा आणि तीन छोटे तुकडे. पहिला घास मी डोळे मिटून घेतला. चव आठवणीतल्यापेक्षा साधी होती. मग एकदम आठवणीतलीच झाली. मी वाटी संपवली आणि आणखी अर्धी मागितली. वहिनीने वाढताना ती पूर्ण भरली.

जेवण झाल्यावर दादा आरामखुर्चीत पेंगला. मी समोर बसून त्याच्या छातीकडे बघत राहिले. वर, खाली. वर, खाली. मध्येच जरा थांबल्यासारखं वाटलं म्हणून मी वाकून त्याच्या नाकाशी बोट नेलं.

“आहे,” तो डोळे न उघडता म्हणाला. “झोपू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता फोन वाजला. “हजर,” दादा म्हणाला आणि फोन ठेवला. तिसऱ्या दिवशीही तेच. मी म्हणाले हा काय पोरकटपणा, तो म्हणाला तुझी सोय बघतोय. खरं सांगायचं तर मी पावणेसातपासून फोनजवळ बसलेली असायचे. इंजेक्शनं चालू होती, आठवड्यातून दोनदा वहिनीचा डबा यायचा, आणि रोज सात वाजता ‘हजर’ यायचं. कशाने किती रक्त वाढलं ते डॉक्टरीणबाई जाणोत. पण महिन्याभरात मी छापखान्याचा जिना मध्ये न थांबता चढायला लागले.

गेल्या मंगळवारी भांड्यांच्या दुकानदाराचं नवं पत्रक तपासायला आलं. मी ते तीनदा वाचलं. भांडी होती, अनुस्वारासकट. खिडकी उघडी होती, खालून वास येत होता, आणि जेवायला खाली जावं का असा मी विचार करत होते. सहज घड्याळ पाहिलं. पाऊण वाजला होता.

सकाळी फोन आलाच नव्हता. आणि तो आला नाही, हे मला आत्ता कळत होतं. मी छातीवर हात ठेवून पाहिलं. ठोके नेहमीसारखेच चालले होते.

मी फोन लावला. दादाने बऱ्याच वेळाने उचलला, मागे करवतीचा आवाज.

“अगं, विसरलोच!” तो म्हणाला. “सकाळपासून कामात... तू घाबरलीस का?”

“नाही,” मी म्हणाले. “मीही विसरले.”